व्हिक्टोरियाचा काळ पडद्यावर : काय पाहावे, कसे पाहावे

सहामाही परीक्षा संपली की दोन-चार पालक हमखास शाळेत येतात. "सर, सुट्टीत पोरं टीव्हीसमोरच बसणार. बसणारच असतील तर काहीतरी बरं बघू देत. इंग्रजीही सुधारेल. तुम्हीच सांगा की," असा त्यांचा आग्रह असतो. गेल्या वर्षी मी त्यांना व्हिक्टोरिया राणीच्या काळावरचे काही चित्रपट आणि मालिका सुचवल्या. ही यादी आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंच्या हाती पडली आणि त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीतच गाठले. "सर, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या राणीचं कौतुक आपण मुलांना कशासाठी दाखवायचं?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तेव्हा मला नीट देता आले नाही. ते या लेखात देण्याचा प्रयत्न करतो.

व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. हा काळ केवळ इंग्लंडचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८६० ची दंडसंहिता तर २०२४ पर्यंत आपल्या न्यायालयांत चालत होती. आपली शाळा, आपले कोर्ट, आपली आगगाडी यांचा साचा त्याच काळात घडला. तो पाहणे म्हणजे परक्याचे घर पाहणे नव्हे. आपल्याच घराचा जुना नकाशा पाहणे आहे. प्रश्न उरतो तो कौतुकाचा. या काळावरच्या बहुतेक चित्रांत झुंबरे, घोडागाड्या आणि घोळदार झगे यांचीच आरास असते. म्हणून मी एक साधी कसोटी लावतो. दिवाणखान्यातल्या शेकोटीत कोळसा कोण घालतो, आणि तो कोळसा कोणी खणला, याची जाणीव त्या कलाकृतीला आहे काय? असेल तर पाहावी. नसेल तर नुसतेच कपड्यांचे प्रदर्शन समजून सोडून द्यावी.

पहिली शिफारस 'ब्लीक हाउस' या मालिकेची. डिकन्सची कादंबरी १८५२-५३ मध्ये मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. बी.बी.सी.ने २००५ साली तिची पंधरा भागांची मालिका केली. पहिला भाग तासाभराचा, बाकीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी हप्त्यांची ती ओढ बरोबर पकडली आहे. कॅमेरा मात्र उगाचच झपकन पुढे धावतो आणि त्याला सुंऽसुं असा आवाजही जोडलेला आहे. त्याची सवय व्हायला दोन भाग जावे लागतात. चार्ल्स डान्स यांचा थंड, कावेबाज वकील टल्किंगहॉर्न आणि जिलियन अँडरसन यांची आतल्या आत गोठलेली लेडी डेडलॉक या दोन भूमिकांसाठी ती सवय करून घ्यावी.

कथेच्या मुळाशी एक दावा आहे. मृत्युपत्राच्या वादातून निघालेला, पिढ्यान् पिढ्या चाललेला. अखेरीस कळते की कोर्टखर्च भागवता भागवता सगळी मालमत्ता संपली आहे. वाटून घ्यायला काही उरलेलेच नाही. बांधाच्या वादाची कागदपत्रे ट्रंकेत जपणाऱ्या आपल्या भागातल्या कुटुंबांना यावर भाष्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा दाखल झाला तेव्हा पहिलीत असलेली मुले आज नोकरीला लागली आहेत. म्हणूनच मला रिचर्ड कारस्टोन या तरुणाची गोष्ट सर्वांत जिव्हारी लागते. तो वैद्यकी शिकू लागतो, सोडतो. वकिली धरतो, सोडतो. सैन्यात जातो, तेही सोडतो. का, तर उद्या निकाल लागेल आणि सगळे ठीक होईल. निकाल लागतो तेव्हा तो खचलेला असतो आणि त्यातच जातो. न्याय मागणे सोडा, असे मी कोणालाही म्हणणार नाही. पण निकालाची वाट पाहताना मुलांचे शिक्षण आणि वाचन थांबता कामा नये, ही गोष्ट एका इंग्रज कादंबरीकाराने मला स्वच्छ दाखवली.

दुसरी 'नॉर्थ अँड साउथ'. एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबरीवरची ही २००४ ची चार भागांची मालिका. दक्षिणेतल्या शांत गावातून मार्गारेट हेल उत्तरेतल्या मिल्टन या गिरणगावात येते. ती प्रथमच गिरणीचे दार उघडते आणि समोर हवेत पांढरे तंतू तरंगत असतात, जणू बर्फच पडतो आहे. दृश्य इतके सुंदर की आपण क्षणभर हरखतो. पुढे बेसी ही कामगार मुलगी खोकत खोकत मरते तेव्हा त्या बर्फाचा अर्थ लागतो. तेच तंतू तिच्या फुप्फुसात साठलेले असतात. आधी मोहवायचे आणि मग त्या मोहाची किंमत दाखवायची, हे मालिकेचे मोठे यश. गिरणीमालक थॉर्नटन आणि कामगारांचा पुढारी हिगिन्स या दोघांचीही बाजू ती ऐकून घेते. शहापूर-वडगावच्या मागांची खटखट ऐकत वाढलेल्यांना मालक-मजुरांचे हे नाते परके वाटणार नाही.

दोष दोन. एक किरकोळ : शेवटी नायक-नायिका रेल्वेच्या फलाटावर चारचौघांत चुंबन घेतात. त्या काळी असे करणाऱ्या कुलीन मुलीकडे गावाने पाठ फिरवली असती. मूळ कादंबरीत हा प्रसंग लंडनमधल्या एका घरात घडतो. दुसरा दोष मोठा. मालिकेत १८५१ च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनाचा प्रसंग मुद्दाम घातला आहे, पण मिल्टनचा कापूस येतो कोठून आणि कापड जाते कोठे, हा प्रश्न तिला छळत नाही. त्यातला बराचसा कापूस अमेरिकेतले गुलाम वेचत होते आणि त्या कापडाने आपल्या हातमागवाल्यांचे पोट मारले. बाईंचा आक्षेप येथे पुरेपूर लागू आहे. पण म्हणून मालिका टाळू नये. ती पाहून झाल्यावर हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी मुलांना विचारावा.

तिसरा चित्रपट लहान मुलांसाठी नाही. डेव्हिड लिंच यांचा कृष्णधवल 'द एलिफंट मॅन' (१९८०). विद्रूप शरीराच्या मेरिकला जत्रेतल्या खेळासारखे दाखवले जाते. डॉक्टर ट्रीव्ह्ज त्याला लंडनच्या रुग्णालयात आणतो. जॉन हर्ट यांचा चेहरा रंगभूषेखाली पूर्ण झाकलेला आहे. सगळा अभिनय आवाज आणि डोळ्यांचा. चित्रपटाने इतिहासाला मुरड घातली आहे. खऱ्या मेरिकचे नाव जोसेफ होते, जॉन नव्हे. आणि वर्कहाउसच्या कोंडवाड्यातून सुटण्यासाठी तो स्वतःच खेळवाल्यांकडे गेला होता. पण चित्रपटाचा खरा प्रश्न त्याने बिघडत नाही. खेळवाला त्याला पैशासाठी दाखवतो आणि डॉक्टर विद्वानांच्या सभेत दाखवतो. मग फरक काय? एका रात्री ट्रीव्ह्ज स्वतःलाच विचारतो, मी चांगला माणूस आहे की वाईट?

त्या प्रसंगाने मला रात्रभर झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनात कुबड्यांवर चालणाऱ्या विद्यार्थ्याचा मी व्यासपीठावर बोलावून सत्कार केला होता. त्याला गुण उत्तम होते. पण भाषणात मी गुणांपेक्षा त्याच्या पायांविषयीच अधिक बोललो. टाळ्या खूप पडल्या. मुलगा मान खाली घालून उभा होता. ती मान खाली का होती, हे मला या चित्रपटाने सांगितले. तेव्हापासून मी सत्काराची भाषणे करताना दहा वेळा विचार करतो.

शेवटी एक जोडी, एकापाठोपाठ पाहण्याची. 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' (२०१७) मध्ये १८८७ साली आग्र्याहून गेलेला अब्दुल करीम वृद्ध राणीला उर्दू शिकवतो. जूडी डेंच यांनी राणी लोभस केली आहे; नको तितकी लोभस. साम्राज्याचे सगळे पाप दरबाऱ्यांच्या माथी आणि राणी निष्पाप, ही सोयीची वाटणी मला पटत नाही. तरी राणी नवी अक्षरे गिरवते ते दृश्य गोड आहे. लहानपणापासून कन्नड बोलत आलो तरी त्याची अक्षरे मी नीट गिरवली ती नोकरी लागल्यावर, परिपत्रके वाचता यावीत म्हणून. त्याने माझी मराठी उणावली नाही.

यावर उतारा म्हणून सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' (१९७७) पाहावा. काळ १८५६, अवध खालसा होण्याचा. जनरल आउटरॅम आपल्या उर्दू जाणणाऱ्या अधिकाऱ्याला नवाबाच्या कवितेचा अर्थ विचारतो. अधिकारी रसिक आहे. त्याला ती कविता भावते. आउटरॅमला मात्र तिच्यात फक्त नवाबाच्या नालायकीचा पुरावा हवा असतो. भाषा शिकणे वेगळे आणि माणूस ऐकून घेणे वेगळे, हे दोन भाषांत राहणाऱ्या आपल्याइतके कोणाला कळेल?

तेव्हा बाईंना माझे उत्तर असे : या चांगल्या कलाकृतींत राणीचे कौतुक फारसे नाहीच. त्या राज्याने आपल्या माणसांनाही कसे भरडले, याची कबुली आहे. आणि जेथे ती कबुली अपुरी आहे, तेथे आपला इतिहास शिकवायला बाई आहेतच.

सूचना एकच. रोज एक भाग पाहावा, इंग्रजी अक्षरे पडद्यावर चालू ठेवावीत आणि नंतर दहा मिनिटे घरच्या भाषेत बोलावे. बाईंना मी हा मजकूर वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. बेसीचा भाग सुट्टीनंतर मी नववीला दाखवते. पण कापूस कुठून आला, ते आधी फळ्यावर लिहीन."