पदवीनंतरचे पान

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय नेहमीचाच : अडथळ्यांवर मात करून स्वप्न साकार करणाऱ्या थोर व्यक्ती. बावीस स्पर्धकांपैकी सात जण डॉ. आनंदीबाई जोशींवर बोलले. सातही भाषणांचा कळस एकच होता : ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया, पदवीदान, टाळ्या. त्यानंतर क्षयासाठी एक वाक्य, वंदनासाठी एक वाक्य, की भाषण संपले. चहाच्या वेळी आठवीतली एक मुलगी जवळ आली. तिला बक्षीस मिळाले नव्हते. म्हणाली, "बाई, आनंदीबाईंनी पेशंट किती तपासले?"

"इथे परत आल्यावर एकही नाही गं," मी म्हटले. "त्याआधीच गेल्या."

"मग आपण पदवीवरच का थांबतो?"

मला उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे, संशोधनाची शिस्त मला कुणी शिकवलेली नाही. तीस वर्षे हिशेब लिहिण्यात गेली, त्यातून एक खोड मात्र लागली : जमेची रक्कम दिसली की ती पुढे कोणत्या खात्यात गेली ते पाहायचे. त्याच खोडीने आनंदीबाईंवरचे लेखन पुन्हा काढून बसले.

चरित्राचा सांगाडा वाचकांना ठाऊक आहे. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, १८८३ मध्ये एकटीने समुद्रप्रवास, १८८६ मध्ये पदवी, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक, आणि ती जागा हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. एवढ्याशा आयुष्यावर किती लिहिले गेले पाहा. मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, कॅरोलिन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र बॉस्टनहून निघाले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. १९६८ मध्ये श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली, तिचे पुढे नाटक झाले. १९९७ मध्ये अंजली कीर्तने यांचा भरभक्कम चरित्रग्रंथ, २०१९ मध्ये चित्रपट. यात मीरा कोसंबींचे काम वेगळे काढायला हवे, कारण त्यांनी आनंदीबाईंची पत्रे समोर ठेवून या प्रतिमेलाच प्रश्न विचारले.

त्यातले एक पत्र मी कितीदा वाचले असेल! अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या या पत्रात आनंदीबाई आपल्या लहानपणाची जंत्रीच मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाने मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. पण माझ्या मते या यादीपेक्षा तिच्याभोवतीचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. तुमचे वागणे चांगले होते की वाईट हे ठरवणे अवघड, अशा अर्थाने त्या सुरुवात करतात. अंतिम हेतू पाहिला तर ते योग्य वाटते, मुलाच्या मनावर काय परिणाम होऊ शकतो हे पाहिले तर ते चूकच म्हणावे लागते.

म्हणजे शेवट गोड म्हणून वाट बरोबर, हा हिशेब आनंदीबाईंनी स्वतः तपासून पाहिला होता आणि तो त्यांना जुळला नव्हता. आपण मात्र सव्वाशे वर्षे तो जुळवतच आलो आहोत. काशीबाईंच्या चरित्राला पत्रांचा मोठा आधार आहे. त्या स्वतःही लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाने आणि टोमण्यांनी वाचायला शिकलेल्या, त्यामुळे तो जाच त्यांना परका नव्हता. कादंबरीपर्यंत येताना हे बदलते. 'आनंदी गोपाळ' मी शाळेत असताना रडत वाचली होती. आज वाचताना दिसते की तिचा गुरुत्वमध्य गोपाळरावांत आहे. ते विक्षिप्त, पण द्रष्टे. मार हा त्या विक्षिप्तपणाचा भाग होतो आणि विक्षिप्तपणा ही ध्येयाची किंमत ठरते. जोशींचे कसब मी नाकारत नाही, गोपाळरावांइतकी जिवंत व्यक्तिरेखा मराठी चरित्रात्मक कादंबरीत क्वचितच सापडेल. पण आनंदीबाईंच्या पत्रातला 'चूक' हा शब्द तिथे दबून जातो. चित्रपटात तर सगळा धाक अखेर प्रेमकथेत विरघळतो. अडथळा आणि स्वप्न एकाच माणसाच्या हातून आले, ही या आयुष्यातली खरी अवघड गोष्ट आहे. अडथळ्यांच्या शर्यतीचा साचा तिला पेलत नाही.

या साच्याची दुसरी बाजू पाहायची तर त्याच आठवड्यातल्या मुंबईत जावे लागेल. आनंदीबाई गेल्या त्यानंतर सहा दिवसांनी, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात न्या. फॅरन यांनी आणखी एका बावीस वर्षांच्या तरुणीला हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ती रखमाबाई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झाले होते, पण ती त्याच्या घरी कधी नांदलीच नाही. दादाजीने दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात ते प्रकरण पुन्हा सुनावणीला आले. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर तिची पत्रे छापून आली होती. हुकूम झाल्यावर तिने सांगितले, कैद भोगीन. टिळक तिच्या विरोधात उभे होते. अखेर १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. १८८९ मध्ये ती इंग्लंडला गेली, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली.

वक्तृत्व स्पर्धेतले भाषण इथे संपायला हवे. पण रखमाबाईंच्या कामाला इथून सुरुवात होते. १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. प्लेगच्या दिवसांत तिथेच होत्या. पुढे राजकोट. निवृत्त होईतो सुमारे पस्तीस वर्षे परक्या प्रांतात रुग्णालये चालवली. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, पडदापद्धत मोडली पाहिजे म्हणून इंग्रजीत निबंध लिहिला. १९५५ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, मुंबईत वारल्या.

आता दोघींवरच्या दोन चरित्रग्रंथांची नावे शेजारी ठेवा. कीर्तने यांच्या ग्रंथाचे नाव 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व'. मोहिनी वर्दे यांच्या ग्रंथाचे 'डॉ. रखमाबाई : एक आर्त'. जिला काम करायला एक दिवसही मिळाला नाही तिच्या वाट्याला 'कर्तृत्व', आणि पस्तीस वर्षे दवाखाना चालवणारीच्या वाट्याला 'आर्त'. यात दोन्ही लेखिकांना दोष देण्याचा हेतू नाही. वर्दे यांनी पुस्तक लिहिले नसते तर मराठी वाचकाला रखमाबाई बहुधा खटल्यापुरत्याच उरल्या असत्या. पण ही नावे आपल्या सगळ्यांच्या कानाने निवडलेली आहेत. मराठी चरित्राला हुरहूर चटकन ऐकू येते. बाह्यरुग्ण विभागाची घंटा त्याला ऐकू येत नाही.

कारणे शोधू गेले तर एक उघड आहे. आनंदीबाईंच्या गोष्टीत नवरा स्वप्न दाखवतो, रखमाबाईंच्या गोष्टीत नवऱ्याला नकार देणे हेच स्वप्न आहे. पहिली गोष्ट घरात मोठ्याने वाचता येते. दुसरे कारण जातीचे आहे, ते टाळण्यात अर्थ नाही. रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या आईचा, जयंतीबाईंचा, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह झाला होता आणि त्या समाजात त्याचे कुणाला काही वाटत नव्हते. पुण्याच्या ब्राह्मणी सुधारणेच्या कथेत बसवायला हे घर गैरसोयीचे होते. तिसरे कारण लिहिणाऱ्यांच्या सवयीचे : खटल्यात प्रतिपक्ष असतो, दवाखान्यात रोज तेच बाळंतपण आणि तोच ताप. खटला संपला की लेखणी सैल पडते.

पण रोजचे काम मराठीत लिहिता येत नाही असे नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्ता'त संस्थेसाठी दारोदार फिरणे येते, आणि ते कंटाळवाणे वाटत नाही. उलट त्या फिरण्यातच माणूस कळतो.

माझी आई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिने केलेल्या बाळंतपणांची एक शंभर पानी वही होती : तारीख, गाव, मुलगा की मुलगी, आणि कधी कधी नुसती फुली. ती गेल्यावर घर आवरताना आम्ही भावंडांनी तिचे आदर्श कर्मचारी म्हणून मिळालेले प्रशस्तिपत्र ठेवले आणि वही रद्दीत दिली. तेव्हा मी चाळिशीत होते आणि आनंदीबाईंवर एका मासिकात लेखही लिहून बसले होते.

एकविसाव्या वर्षी क्षयाने मेलेल्या मुलीकडे कामाचा हिशेब मागणे क्रूरपणाचे होईल, हे मला कळते. मी तो तिच्याकडे मागत नाही. शिवाय तिच्या नावावर काहीच नाही, हेही खरे नाही. पदवीसाठी तिने लिहिलेला प्रबंध आहे. विषय : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या मुलीने अमेरिकेत जाऊन निवडलेला हा विषय. त्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणातही, मी का जाते याचे उत्तर देताना, हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे याच मुद्द्यावर तिचा भर होता. तिच्या स्वप्नाबद्दल इतके बोलणाऱ्या आपण त्या प्रबंधाचे एखाद्या वैद्याने किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने केलेले सविस्तर परीक्षण दिवाळी अंकांतून मागितलेले मला आठवत नाही. 'पहिली डॉक्टर ती की कलकत्त्याची कादंबिनी गांगुली' या वादाला मात्र पाने मिळतात.

स्पर्धेच्या आयोजकांकडून शाळेचे नाव घेऊन मी त्या मुलीला पत्र पाठवले. प्रबंधाचा विषय लिहिला, चौदाव्या वर्षाची गोष्ट लिहिली, आणि खाली सुरतच्या डॉक्टरीणबाईंचे नाव, १८९५ हे साल. पंधरा दिवसांनी शाळेतून कार्ड आले. वळणदार अक्षरात एकच प्रश्न होता : सुरतच्या दवाखान्यात तेव्हा खाटा किती होत्या?