नाचणीच्या सत्त्वाची वाटी

कुंडलिकेच्या काठची खाचरं भाताची. नाचणीची जागा वर, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, जिथं पाणी ठरत नाही. उष्टावण झालं की रोह्या-पेणच्या किती तरी घरांत बाळासाठी रोज जी वाटी बनते, ती याच दाण्याची. नाचणीचं सत्त्व लहान मुलांचं खाणं म्हणून बाजूला पडतं, त्याकडे रसिकतेनं कुणी बघत नाही. मला मात्र कोकणच्या स्वयंपाकघरातली ही सर्वांत विचारपूर्वक रचलेली कृती वाटते. तिचं मोठेपण हे की निम्माअधिक स्वयंपाक चूल पेटण्याआधी दाण्यातच होऊन जातो.

नाचणी आधी दोन-तीन पाण्यांतून रोळून घ्यायची, म्हणजे खडे तळाशी राहतात. मग रात्रभर भिजवून सकाळी उपसायची आणि ओल्या फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधून उबेला ठेवायची. आपल्याकडच्या दमट हवेत दिवस-दीड दिवसात मोड येतात. पुरचुंडी सोडली की तांबूस दाण्यांवर पांढरी टोकं दिसतात आणि कोवळा, हिरवट वास येतो. वास आंबूस असेल किंवा बुरशीची तार दिसली, तर तो घाणा टाकूनच द्यावा. मोड आलेली नाचणी कडक वाळवायची, तळहातांवर चोळून मोड पाखडून टाकायचे, मंद आचेवर हलकेच भाजायची आणि दळायची. खमंग वास सुटला की थांबायचं. जास्त भाजलं तर मोडानं कमावलेलं निघून जातं.

मोडानं कमावलं काय, ते पातेल्यात कळतं. मोड न आणलेल्या नाचणीचं पीठ थोडंच घेतलं तरी शिजताना घट्ट गोळा होतं. मग आई पाणी वाढवते आणि बाळाच्या चिमुकल्या पोटात पाणीच जास्त जातं. मोडाचं पीठ मात्र शिजता शिजता सैल होतं, चमच्यावरून सरसर ओघळतं. त्यामुळे वाटी पातळ राहूनही तिच्यात पीठ जास्त मावतं. या पदार्थाचं खरं सौंदर्यस्थळ हेच.

कारण असं, की अंकुरताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. साठ-सत्तर अंशांच्या आसपास ते जोमानं काम करतं, उकळीला थांबतं. पीठ गार पाण्यात कालवून सावकाश तापवायची आपल्या बायकांची रीत म्हणूनच अचूक आहे. थेट आधणात पीठ वैरलं तर गुठळ्या होतात आणि विकरालाही सवड मिळत नाही. शेवटी मात्र खळखळून उकळी यायलाच हवी, कारण मोड आणताना ओलीत जंतूही वाढलेले असू शकतात.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मोडाच्या नाचणीवर बारकाईनं काम झालं आहे. टांझानियात 1980 च्या दशकात पोषणतज्ज्ञांनी बाळांची घट्ट पेज सैल करण्यासाठी मोडाच्या धान्याचंच पीठ वापरलं. नाचणीचं मूळ घरही पूर्व आफ्रिकाच.

आता चव. स्टार्च तुटून थोडी साखर तयार होते, त्यामुळे गूळ न घालताही जिभेच्या टोकाला सौम्य गोडी लागते. मागून भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा येतो आणि अगदी शेवटी किंचित तुरटपणा. तो तुरटपणा सालीचा. मला तो हवासा वाटतो. पाण्यात वाटून, वस्त्रगाळ करून, खाली बसलेला साका वाळवून केलेलं सत्त्व रेशमासारखं मऊ लागतं हे खरं. पण नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं आणि फडक्यात उरतो तो चोथा सालीचाच. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम 10 च्या आसपास. एवढी ठेव चोथ्याबरोबर टाकायची कशाला? अख्ख्या दाण्याचं पीठ दळून बारीक चाळणीनं चाळलं की बाळाच्या घशालाही टोचत नाही.

या वाटीला सजावट लागत नाही. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आधी दोन-तीन चमचे द्यावेत, स्तनपान चालू ठेवून. मीठ-साखर नको आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. वर थेंबभर साजूक तूप सोडलं तर चवही खुलते आणि उष्मांकही वाढतात. काही दिवसांनी मुगाच्या डाळीची जोड द्यावी, म्हणजे प्रथिनांची बाजूही भरून निघते.

नव्या आईबाबांना एवढंच सांगणं: दिवाळीच्या सुमारास नवी नाचणी येते, ती शेरभर घ्या, ऊन चांगलं असेल तेव्हा मोड आणून वाळवा आणि पीठ थोडं थोडंच दळा. बाळाला भरवण्याआधी एक चमचा स्वतः चाखा. ज्याला आपण लहान मुलांचं खाणं म्हणतो, ते जाणत्या जिभेचंही आहे.