‘गोबर’, ‘कचरा’ आणि ‘मळी’ : जैववायू-प्रकल्पांच्या परिभाषेविषयी काही विचार

जैववायूच्या प्रकल्पांविषयी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु या प्रकल्पांच्या अपयशाची कारणे शोधताना यंत्र, भांडवल आणि अनुदान यांचीच चर्चा होते. ज्या शब्दांत प्रकल्पाची कल्पना मांडली जाते त्यांची चिकित्सा कोणी करीत नाही. कच्च्या मालाचे नाव चुकले की त्याचा हिशेबही चुकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभ ‘गोबरगॅस’ या सामासिक शब्दापासूनच करू. त्याचे पूर्वपद हिंदी आणि उत्तरपद इंग्रजी. मराठीचे त्यात काहीच नाही असे प्रथमदर्शनी भासते. वस्तुतः ‘गोबर’ आणि आपली ‘गोवरी’ हे शब्द सगोत्र होत. ज्या गोवरीला चुलीतून हद्दपार करावयाचे, तिचाच हिंदी आप्त नव्या इंधनाचे नाव होऊन घरात आला! जशभाई पटेल यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. तेव्हापासून हे नाव रूढ झाले, आणि वायू म्हणजे शेणाचा, ही समजूतही त्याबरोबर दृढ झाली.

या समजुतीची किंमत मोठी होती. एक किलो ओल्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. म्हणजे दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो शेण, तितकेच पाणी आणि गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. जिरायती गावातील अल्पभूधारक येथेच बाद झाला. शिवाय शेण हे जनावराने एकदा पचविलेल्या चाऱ्याचे उरलेले; त्यात जिवाणूंच्या खाण्याजोगे फारसे शिल्लक नसते. खरकटे, पीठ, नासकी फळे यांतून अल्प वजनात पुष्कळ अधिक वायू मिळतो, हे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी दाखविले; त्या कामास २००६ साली ॲश्डेन पारितोषिकही मिळाले. तरीही २०१८ मध्ये केंद्र सरकारने जी योजना जाहीर केली तिचे नाव ‘गोबरधन’च. इंग्रजी आद्याक्षरांची ओढाताण करून हा शब्द साधला आहे, आणि अखेरचे ‘धन’ मात्र जसेच्या तसे ठेवले आहे. योजनेच्या कक्षेत शेणाखेरीज शेतातील अवशेष आणि ओला कचराही आहे. नावात तो मावलेला नाही.

याहून घातक शब्द ‘कचरा’ हा होय. ‘कचऱ्यातून संपत्ती’ ही घोषणा प्रकल्पाच्या ताळेबंदात शिरली की कच्चा माल जवळजवळ फुकट धरला जातो. मराठी ग्रामीण बोलीचा कोश उघडावा : शेण, शेणी, गोवरी, शेणकाला, शेणखत, सडा. एकाच पदार्थाच्या इतक्या अवस्थांना जिथे स्वतंत्र नावे आहेत, तिथे प्रत्येक अवस्थेला उपयोग आहे आणि उपयोगाला मालक आहे. अशा वस्तूला कचरा म्हणणारा मनुष्य बाहेरचा असला पाहिजे. प्रकल्प उभा राहतो, रोज शंभर टन माल हवा अशी हाक जाते, आणि कालपर्यंत ‘कचरा’ असलेल्या वस्तूला आज भाव येतो. शेतकऱ्याने भाव मागितला की त्याला लबाड ठरविण्याची घाई होते. त्याने केवळ शब्द दुरुस्त केलेला असतो.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. रस निवळताना गाळणीवर राहतो तो गाळ म्हणजे प्रेसमड. स्फटिक वेगळे केल्यावर उरणारा दाट द्रव म्हणजे मोलॅसिस. मराठीत दोहोंसही ‘मळी’ म्हणतात. नियमांच्या भाषेतील मळी म्हणजे मोलॅसिस, आणि शेतात ट्रॉलीने येऊन पडते ती मळी म्हणजे प्रेसमड. पहिली मद्यार्काकडे जाते. दुसरी जमिनीकडे जात आली आहे, कधी सभासदाच्या शेतात थेट, कधी कंपोस्टाच्या रूपाने. वायूनिर्मितीस उपयुक्त ती ही दुसरी. उसाच्या वजनाच्या सुमारे तीन-चार टक्के ती निघते, पण केवळ गळीत हंगामात. उघड्यावर साठविली तर कुजत जाते आणि तिच्यातील वायूक्षमता घटते. बाराही महिने वायू पुरवावयाचा आणि माल चार-पाच महिनेच यावयाचा, हा पेच आहे. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ रोजी संपीडित जैववायूसाठी जी योजना आरंभिली तिचे नाव ‘सतत’ असावे, हा योगायोग क्रूरच म्हटला पाहिजे. २०२३-२४ पर्यंत ५००० प्रकल्पांचे तिचे लक्ष्य होते. चालू झालेले प्रकल्प त्याच्या पाच टक्क्यांसही पोचले नाहीत.

हायड्रोजन सल्फाइडमुळे होणारी यंत्राची झीज, मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत नेण्याचा खर्च, कर्जाची दिरंगाई, ही कारणे आहेतच. ती तज्ज्ञांनी पुरेशी चर्चिली आहेत. शब्दाने काम साधल्याचे उदाहरणही आहे. इंदूर येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी रोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला. तेथे ‘ओला’ आणि ‘सुका’ हा भेद आधीच घरोघरी व्यवहारात मुरला होता. एका सरसकट नावाचे दोन झाले, तेव्हा माल शुद्ध मिळाला.

राहिला प्रश्न उरणाऱ्या रबडीचा. वायू निघून गेल्यावरही टाकलेल्या मालाचा बहुतांश भाग द्रवरूपाने शिल्लक राहतो, आणि तो विकला गेला नाही तर प्रकल्पाचा हिशेब जुळत नाही. शासनाने २०२३ मध्ये अशा खताच्या विक्रीस टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य मंजूर केले. इंग्रजीत त्याचे नाव ‘फर्मेंटेड ऑरगॅनिक मॅन्युअर’. मराठीत ते ‘किण्वित’ म्हणून येते, म्हणजे शेतकऱ्यास अर्थशून्य. किंवा ‘आंबवलेले’ म्हणून, म्हणजे त्याच्या कानी बिघडलेले. चांगल्या खताविषयी त्याचा प्रशंसेचा शब्द एकच आहे : ‘कुजलेले’. ‘चांगले कुजलेले शेणखत’ हा प्रयोग कृषिविभागाच्या पत्रकांतही वर्षानुवर्षे आहे. तो बाजूस सारून गोणीवर परका शब्द छापणाऱ्यांनी एकदा बांधावर जाऊन विचारावयास हवे होते.