पुसणे की कंस करणे? : सातबाऱ्याच्या संदर्भात संबंधित तक्त्यांतील नोंदींचा विचार

प्रास्ताविक

संगणकीय माहितीसाठ्यात मूळ तक्त्यातील नोंद पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर तक्त्यांतील नोंदीही आपोआप पुसल्या जाव्यात, यासाठी 'ऑन डिलीट कॅस्केड' ही सोय असते. अभ्यासक्रमात ती नीटनेटकेपणाचे साधन म्हणून शिकविली जाते. हक्कांच्या नोंदींबाबत मात्र ही सोय घातक ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 नुसार हक्कातील बदल फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंदविला जातो. फेरफार प्रमाणित झाल्यावर जुन्या खातेदाराचे नाव सातबाऱ्यावरून नाहीसे होत नाही. त्याला कंस केला जातो. ही रीत संगणकापूर्वीची असली, तरी तिच्यामागील विचार आजही ग्राह्य आहे.

दि. 22 जुलै 2021 रोजी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. अशा प्रसंगी मृत खातेदाराची नोंद पुसताच त्याचा हिस्सा, फेरफार व बोजा यांच्या नोंदीही साखळीने नष्ट झाल्या, असे समजू. मग वारसांनी आपला हक्क कोणाकडून आला, हे कशावरून सिद्ध करावे? म्हणून येथे 'रिस्ट्रिक्ट', म्हणजे अवलंबून नोंदी असेपर्यंत पुसण्यास मनाई, हाच नियम योग्य होय. आणि कंसाची खूण स्वतंत्र रकान्यात ठेवावी.

परंतु नोंद राखून ठेवली की अनन्य निर्देशांकाचा प्रश्न उभा राहतो. गट क्रमांक 1 अनेक गावांत असतो. म्हणून जमिनीच्या तक्त्यात गावाचा संकेतांक, गट व हिस्सा यांवर मिळून अनन्यता हवी. हिस्सा रिकामा सोडल्यास अनेक प्रणाली दोन रिकाम्या जागा भिन्न मानतात व दुबार नोंद शिरते. तसेच जमीन विकलेल्या खातेदाराने तीच पुन्हा विकत घेतली, तर हिश्शांच्या तक्त्यातील त्याची कंसातील जुनी नोंद नव्या नोंदीस अडविते. पोस्टग्रेस-एस-क्यू-एलमध्ये केवळ चालू नोंदींपुरता अंशतः निर्देशांक करून ही अडचण दूर करता येते.

निष्कर्ष

अपुऱ्या अर्जासोबतची कच्ची पाने साखळीने पुसण्यास हरकत नाही. मात्र ज्या नोंदीवर दुसऱ्या कोणाचा हक्क उभा आहे, ती पुसू नये. तिला कंस करावा. तक्त्यांची रचना करणाऱ्याने हा विवेक जुन्या दप्तराकडून शिकावा.