परिस्थितिकीतील विषमांगता आणि परिवर्तनशीलता : दोन संज्ञांच्या सरमिसळीची चिकित्सा

बीजसंज्ञा : विषमांगता, परिवर्तनशीलता, मांडणी, प्रमाण विचलन, कास पठार

प्रस्तावना

परिस्थितिकीच्या मराठीतील अध्यापनात ‘विविधता’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. इंग्रजीतील ‘डायव्हर्सिटी’, ‘हेटरोजिनिटी’ आणि ‘व्हेरिएबिलिटी’ या तिन्ही संज्ञांचे काम आपण बहुधा या एकाच शब्दावर भागवितो. पहिल्या संज्ञेपुरते ते योग्यच आहे. उर्वरित दोन संज्ञांसाठी अनुक्रमे ‘विषमांगता’ आणि ‘परिवर्तनशीलता’ हे शब्द उपलब्ध असूनही त्यांतील अंतर मात्र पाळले जात नाही. हा दोष केवळ मराठीचा नाही. इंग्रजी लेखनातही या दोन संज्ञा एकमेकींच्या जागी वापरल्या गेल्या आहेत. प्रस्तुत लेखात या सरमिसळीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला असून, हा प्रश्न केवळ शब्दांचा नसून मोजमापाचा आणि पर्यायाने जमिनीविषयीच्या निर्णयांचाही आहे, असे प्रतिपादन केले आहे.

संज्ञांचे स्वरूप

परिवर्तनशीलता म्हणजे एकाच गुणधर्माच्या मूल्यांतील चढउतार होय. एखाद्या गावचे पर्जन्यमान वर्षागणिक बदलते किंवा एकाच जातीच्या वनस्पतीची पाने लहानमोठी असतात, तेव्हा आपण परिवर्तनशीलतेविषयी बोलत असतो. येथे मोजण्याचे एकक एकच असते. म्हणून सरासरी आणि प्रमाण विचलन ही साधने सार्थ ठरतात. विषमांगता म्हणजे एखादे समग्र भिन्न प्रकारच्या घटकांचे बनलेले असणे आणि त्या घटकांना विशिष्ट मांडणी असणे. पहिली संज्ञा ‘किती बदलते?’ या प्रश्नाचे उत्तर देते, तर दुसरी ‘कशाकशाचे बनले आहे आणि कसे मांडले आहे?’ या प्रश्नाचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका क्षेत्राचे 100 समान चौकोन पाडले. त्यांपैकी 50 चौकोनांत 10 सेंटिमीटर माती आहे, तर 50 चौकोन उघड्या खडकाचे आहेत. एका मांडणीत सर्व माती एका अर्ध्या भागात आहे. दुसऱ्या मांडणीत माती व खडक बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आलटून पालटून आहेत. दोन्ही मांडण्यांत मातीच्या खोलीची सरासरी 5 सेंटिमीटर आणि प्रमाण विचलनही तेवढेच येते. परंतु एका चौकोनातून दुसऱ्यात जाऊ पाहणाऱ्या किड्याच्या दृष्टीने ही दोन भिन्न जगे आहेत. शिवाय 5 सेंटिमीटर माती असलेला एकही चौकोन या क्षेत्रात नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पूर्वसूरींच्या मांडणीचे परीक्षण

युरेक कोलासा आणि स्ट्युअर्ड पिकेट यांनी संपादित केलेला ‘इकॉलॉजिकल हेटरोजिनिटी’ हा ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कोलासा व रोलो यांच्या प्रकरणात मापित विषमांगता आणि कार्यात्मक विषमांगता असा भेद केला आहे. निरीक्षकाला जी दिसते ती मापित, तर प्रत्यक्ष जीवाला जिच्यामुळे फरक पडतो ती कार्यात्मक. हा भेद मोलाचा आहे, कारण तो विषमांगतेचा निकष संशोधकाच्या फूटपट्टीकडून जीवाकडे नेतो.

हार्बिन ली व जेम्स रेनॉल्ड्स यांनी 1995 मध्ये ‘ऑइकॉस’ या नियतकालिकात अधिक व्यवहार्य व्याख्या मांडली. त्यांच्या मते विषमांगता म्हणजे एखाद्या गुणधर्माची जटिलता किंवा परिवर्तनशीलता, अथवा दोन्ही. वर्गवारीच्या नकाशात जटिलता पाहावी आणि संख्यात्मक नकाशात परिवर्तनशीलता, असा त्यांचा मार्ग आहे. मांडणीचा विचारही त्यांनी केला आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि या व्याख्येत एक अडचण राहते. एकाच जमिनीवरील मातीची खोली सेंटिमीटरमध्ये नोंदविली तर ती परिवर्तनशीलता ठरते आणि ‘उघडा खडक, उथळ माती, खोल माती’ अशी नोंदविली तर जटिलता. म्हणजे संकल्पनेतील भेद निसर्गात न राहता नोंदवहीच्या रकान्यात राहतो. मोजमापाची सोय म्हणून हे चालेल. व्याख्या म्हणून ते अपुरे आहे.

प्रयोगाची साक्ष

भेद निसर्गातच आहे, याची साक्ष सी. बी. हफेकर यांच्या 1958 मधील प्रयोगातून मिळते. त्यांनी संत्र्यांवर जगणारे कोळी-वर्गीय सूक्ष्म कीटक आणि त्यांना खाणारे भक्षक कीटक एकत्र ठेवले. साध्या मांडणीत भक्षकांनी भक्ष्य संपविले आणि मग तेही उपासमारीने नष्ट झाले. संत्र्यांमध्ये रबरी चेंडू ठेवून ती नुसती विखुरल्यानेही हे टळले नाही. परंतु 120 संत्र्यांच्या मांडणीत व्हॅसलिनचे अडथळे घातले आणि भक्ष्य कीटकांना धाग्याच्या साहाय्याने हवेतून जाता यावे म्हणून लाकडी खुंट्या उभ्या केल्या, तेव्हा दोन्ही संख्यांची तीन आवर्तने दिसून आली. फळे तीच होती. बदलली होती ती वाटांची व अडथळ्यांची रचना. संत्र्यांवरील अन्नाचे प्रमाण विचलन काढून हा निष्कर्ष कधीच हाती आला नसता.

परिवर्तनशीलतेला जीव देतात ते उत्तर वेगळे असते. डॅन कोहेन यांनी 1966 मध्ये गणिती प्रतिमानाद्वारे दाखविले की, बेभरवशाच्या पर्जन्यात सर्व बिया एकाच वर्षी न रुजता काही सुप्त राहणे हे वर्षायू वनस्पतीला दीर्घकाळात लाभदायक ठरते. वर्षावर्षांतील चढउतारावर येथे काळात विभागणी करून मात केली जाते. हफेकरांच्या प्रयोगात आसरा मिळाला तो जागेच्या रचनेत.

कास पठाराचा संदर्भ

सातारा जिल्ह्यातील कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. जांभा खडकाच्या या पठारावर उघडा कातळ, खडकातील भेगा, पाणी साचणारे खळगे आणि मातीचे पातळ थर शेजारी शेजारी आढळतात. ओलसर उथळ मातीत गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. कातळावरील वनस्पती निराळ्या असतात. ही विषमांगता होय. याच पठारावर पाऊस एखाद्या वर्षी लवकर, एखाद्या वर्षी उशिरा येतो आणि त्यानुसार फुलोऱ्याचा काळ मागेपुढे होतो. ही परिवर्तनशीलता होय.

पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पात प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थ्यांनी अशाच एका सड्यावर ठिकठिकाणी मातीची खोली मोजून तिची सरासरी सादर केली आणि लेखकानेही ती निःशंकपणे तपासून दिली. त्या सरासरीत खळगे बुजले होते आणि कातळही नाहीसा झाला होता. वर्गातील ही चूक गुणपत्रिकेपुरती राहते. जमिनीच्या वर्गीकरणात ती फार दूर जाते. माती सरासरीने उथळ म्हणजे जमीन पडीक, आणि पडीक म्हणून माती टाकून वृक्षारोपणास योग्य, अशी विचारसाखळी तयार होते. खळगे भरून कातळ झाकला की मातीच्या खोलीची सरासरी सुधारते. ज्या वनस्पतींचा आधार ती रचनाच होती, त्या मात्र जातात. फुलोरा एका वर्षी कमी आला तर पुढच्या चांगल्या पावसात तो भरून निघू शकतो. बुजविलेला खळगा कोणत्याही पावसाने परत येत नाही.

निष्कर्ष

एका पातळीवरील चढउतार सूक्ष्म पातळीवर विषमांगता ठरू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून दोन संज्ञा एकच आहेत असे सिद्ध होत नाही. कोणत्या जीवासाठी आणि कोणत्या पातळीवर आपण बोलत आहोत, हे आधी सांगणे आवश्यक आहे, एवढेच सिद्ध होते. म्हणून क्षेत्र-अभ्यासात प्रथम घटकांचे प्रकार ओळखून त्यांची मांडणी नकाशावर नोंदवावी आणि त्यानंतरच प्रत्येक प्रकारातील चढउतार मोजावा. हा क्रम उलटला की सरासरी निघते, पण ती कशाची हे सांगता येत नाही. अध्यापकांनी किमान आपल्या वर्गात तरी या दोन शब्दांतील अंतर राखावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.