जुन्या एरियातली नवी गोष्ट

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम दर दोन-तीन वर्षांनी नवी जमीन विकतात. नवा खंड येतो, खेळणारे तिकडे धावतात आणि मागचे एरिया ओस पडतात. नवी जमीन उभी करायला पैसा लागतो. जुन्या जमिनीवर लिहायचं तर तिथे आधी काय घडून गेलंय, ते लक्षात ठेवावं लागतं. या माध्यमातली सर्वांत अवघड कारागिरी मला हीच वाटते, आणि ती अंगी असलेले लेखक आजही थोडेच.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधलं वेस्टफॉल पाहा. २००४ मध्ये हा शेतांचा, सुरुवातीच्या लेव्हलचा एरिया होता. तिथे लूटमार करणारी डेफियास टोळी म्हणजे मुळात स्टॉर्मविंड शहर पुन्हा बांधणारे गवंडी. सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली होती. खेळाडूने खाणीत उतरून त्यांच्या म्होरक्याला, एडविन व्हॅनक्लीफला, मारायचं, की गोष्ट संपली. डिसेंबर २०१० च्या ‘कॅटाक्लिझम’ या अपडेटमध्ये हाच एरिया पुन्हा लिहिला गेला. आता रस्त्यावर बेघर माणसं बसलेली आणि सालडीन कुटुंबाच्या शेतावर होप नावाची मुलगी भुकेल्यांना जेवू घालतेय. ही होप म्हणजे एडविनची मुलगी व्हेनेसा. बापाला मारलं तेव्हा ती लपून पाहत होती. सहा वर्षं लोकांनी मजेत, पुन्हा पुन्हा केलेलं काम त्या पोरीच्या बाजूने दिसतं, तेव्हा खेळणाऱ्याला आपल्याच हाताचा विचार करावा लागतो. जुन्या जागेवर इतकं जाणतं लेखन मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

पण याच अपडेटने मोठं नुकसानही केलं. साउथशोर गाव उद्ध्वस्त झालं, थाउजंड नीडल्सची दरी पाण्याखाली गेली, शेकडो जुने क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला दिलेली कामं, सर्वांसाठीच पुसले गेले. नंतर आलेल्यांना एडविन कळायचा तो ऐकीव, म्हणून व्हेनेसाचा सूडही त्यांना परका वाटायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ ही गेमची जुनी आवृत्ती आली आणि जुनं जग परत मिळालं, पण वेगळ्या सर्व्हरवर. आधीची आणि नंतरची गोष्ट एका जागी भेटतच नाही. फेजिंग नावाचं तंत्र हा पेच वेगळ्या रीतीने सोडवतं. ज्याने जेवढे क्वेस्ट केले, तेवढं त्याला दिसतं. मला गाव जळालेलं दिसतं, मित्राला शाबूत, आणि आम्ही दोघं एकमेकांना दिसत नाही. सोबतीने खेळायच्या गेममध्ये ही किंमत फार जास्त आहे.

‘गिल्ड वॉर्स २’ने २०१४ मध्ये लायन्स आर्च हे आपलं भर वस्तीचं शहर पाडलं आणि वर्षाहून अधिक काळ त्याचे अवशेष तसेच ठेवले. हे धाडस मला आवडलं. मात्र शहर पडण्याआधीचे गोष्टीचे भाग मुदतीचे होते. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला नुसते दगड आले. ते भाग पुन्हा खेळता येऊ लागले २०२२ मध्ये.

याच्या अगदी उलट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’. २०१५ मध्ये त्यात बिंगो बॉफिन नावाचा हॉबिट आला. त्याला प्रवास करायचाय. तो दर आठवड्याला थोडा पुढे सरकायचा आणि आपल्याला आठ वर्षं जुन्या एरियातून हिंडवायचा. जमिनीचा एक खडाही न हलवता त्या वाटा पुन्हा चालाव्याशा वाटतात. केवढं साधं, आणि किती कमी जणांना सुचलेलं!

शिरपूर तालुक्यात बसून हे लिहिताना डोळ्यांसमोर येतं ते तापीकाठचं थाळनेर. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने थाळनेर-करवंदचा मुलूख मलिक राजाला दिला, त्यातून खानदेशचं फारुकी घराणं उभं राहिलं. त्यांच्या कबरी तिथे आहेत, त्यातली एक अष्टकोनी. पुढे होळकरांचा अंमल आला. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना सोडला, तरी किल्लेदाराने किल्ला दिला नाही. फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, आतली शिबंदी कापली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. १८१८ ची गोष्ट सांगायला कबरी हलवाव्या लागत नाहीत. ‘कॅटाक्लिझम’ने नेमकं हेच ओळखलं नाही.

जुन्या जागेवर नवी गोष्ट लिहायचं काम आपल्याकडे कोण करणार? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ केला. देखणा, पण एकट्याने खेळायचा. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ बॅटल रॉयल आहे. दोन्हींतही वर्षानुवर्षं राबता राहील असा एरिया नाही. पण या प्रकाराची सुरुवात चित्रांनी झालेलीच नव्हती. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी घडवलेला ‘मड’ निव्वळ शब्दांचा होता: जागेचं वर्णन वाचायचं, हुकूम टाइप करायचा, दुसरा खेळणारा त्याच खोलीत भेटायचा. शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पाच-सहा मुलांना असा गेम एका सत्रात उभा करता येईल. पहिला एरिया थाळनेरचा घ्यावा, माणसांना अहिराणीत बोलू द्यावं. आधी फक्त मलिक राजाचा काळ लिहावा. लोक त्या वाटांना सरावले, की किल्लेदार आणावा, आणि त्याचं दार जुन्या खोल्यांमधूनच उघडावं. आधीचा एकही क्वेस्ट काढायचा नाही, एवढा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाकावा.