परीस चंद्रभागेत पडल्यावर

माउली, परिसा भागवताचे आख्यान आपण किती वेळा ऐकले असेल! आमच्या आगाशीत गेल्या एकादशीच्या कीर्तनाला तेच लागले होते. बुवांनी रंगवलेही छान. नामदेवरायांनी चंद्रभागेत बुडी मारली, ओंजळभर खडे वर काढले, एकेक खडा परीस निघाला, आणि मंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. मीही टाळी वाजवली. घरी येऊन महिपतीबुवांचा ‘भक्तविजय’ (१७६२) काढला, तेव्हा वाटले, आपली टाळी चुकीच्या जागी पडते.

कथा आठवा. परिसाला रुक्मिणीमातेकडून परीस मिळालेला. त्याच्या बायकोने, कमळजेने, राजाईची उपासमार पाहून तो तिला दिला. राजाईने लोखंडाचे सोने करून घरात धान्य आणले. नामदेवांनी परीस नदीत टाकला आणि परिसा चवताळला.

किमया म्हटली की आपल्याला सोने दुप्पट करून देणारा लबाड बैरागी आठवतो. पण मूळ रसविद्या तेवढीच नाही. तिच्यात पारा शिवाचा, गंधक पार्वतीचा. पाऱ्यावर अठरा संस्कार करायचे, आणि धातूवरचा प्रयोग ही नुसती पारख. आधी लोहवेध, मग देहवेध. १४ व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वरदर्शनाला जागा मिळाली ती सोन्यासाठी नव्हे, जिवंतपणीच्या मुक्तीसाठी. आपल्या संतांनी पाऱ्याची खटपट घेतली नाही, दृष्टांताला परीस मात्र घेतला.

या मापाने पाहा. परिसा लोहवेधावरच थांबला होता. घरातले लोखंड पालटले, घरधनी तसाच राहिला. तो पालटला चंद्रभागेच्या काठी: राग ओसरला आणि तो ब्राह्मण एका शिंप्याचा शिष्य झाला. खरा वेध हा. ओंजळभर परीस दाखवले ते परिसाची किंमत खड्याइतकी करण्यासाठी. आपण मात्र खड्यांना टाळी देतो आणि नामदेवांनाच मोठा किमयागार ठरवतो. परिसाचे पालटणे बुवांनी अर्ध्या मिनिटात उरकले.

महिपतीबुवांविषयी माझी एक तक्रार आहे, लहान तोंडी मोठा घास म्हणा हवे तर. परीस पाण्यात गेल्यावर त्यांचे लक्ष दोघा पुरुषांवर राहते, राजाई मागे पडते. गाथ्यात राजाईच्या नावाचे अभंग आहेत. त्यांत ती रखुमाईपुढे संसाराचे गाऱ्हाणे मांडते. आख्यान लावताना त्यातला एखादा जरी घेतला, तरी परीस टाकण्याचे मोल कोणाला पडले ते श्रोत्यांना कळेल.

त्या रात्री माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. दिवसभर सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलून उन्हात घालून आलेल्या. आरती झाली, बुक्का लागला, आणि चपला शोधता शोधता त्यांनी मला विचारले, “मग राजाईनं दुसऱ्या दिवशी काय शिजवलं?”

बुवा तोवर गाडीत बसले होते.